थेरपीच्या दोन फेऱ्यांमधले दिवस

बोलायला उशीर होणाऱ्या, हातांची कामं नीट न जमणाऱ्या मुलांना घेऊन देवगड, मालवण, वेंगुर्ल्याकडून कुडाळला माझ्याकडे येणाऱ्या आया सकाळची एसटी पकडतात. मुलाबरोबर पाऊण तास काम होतं आणि परतीच्या गाडीची वेळ होते. पावसात तेवढंही जमत नाही. म्हणून मी, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (मुलांना हातांची आणि रोजची कामं शिकवणारी) असूनही, सांगते की खरं काम तुमच्या पडवीत आणि खळ्यात होतं. बोलण्याचा भाग माझ्याबरोबरची स्पीच थेरपिस्ट ठरवते. मुलाचे हात आणि तोंड मात्र वेगळे काढता येत नाहीत, म्हणून इथे दोन्ही एकत्रच लिहिते.

सगळ्यात आधी कान तपासा. दार आपटल्यावर मूल दचकतं म्हणजे त्याला सगळं ऐकू येतं असं नाही; जाड आवाज कळतात आणि ‘स’, ‘श’ निसटतात, असंही असतं. ओएई आणि बेरा या ऐकण्याच्या तपासण्या तान्ह्या बाळाच्याही करता येतात. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द स्वतःहून जोडत नाही, किंवा आलेले शब्द गेले, तर थांबू नका. ‘ह्येचो बापूसपण उशिराच बोललेलो’ हे ऐकण्यात फार मुलांचं वर्ष गेलंय, आणि ते वर्ष परत मिळत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. सेविकेला आधीच सांगून ठेवा. हा कार्यक्रम 2013 पासून आहे आणि त्यातून पुढची तपासणी, उपचार मोफत होतात. निदानाचं नाव मिळेपर्यंत घरचं काम अडवून ठेवायचं कारण नाही.

सुरुवात सकाळच्या पेजेपासून करा. मुलाला आधी नीट बसवा. खुर्चीवर पाय लोंबकळत असतील तर पायाखाली चिरा ठेवा. तळवे टेकलेले, गुडघे काटकोनात. धड डगमगत असेल तर मुलाची सगळी शक्ती तोल सांभाळण्यात जाते, मग चमचाही नीट धरता येत नाही आणि आवाजही नीट निघत नाही. आता दोन चमचे पेज द्या आणि थांबा. मनात दहा आकडे मोजा, चेहऱ्याकडे बघत. घरच्या माणसांना हे सगळ्यात जड जातं, आज्यांना तर फारच. मुलाने वाटीकडे बघून तुमच्याकडे बघितलं, हात पुढे केला, नुसतं ‘पे’ म्हटलं, तरी ती मागणीच आहे. लगेच द्या आणि शब्द तुम्ही म्हणा: ‘पेज’. ते ‘पेज’ म्हणायला लागलं की तुम्ही एकच शब्द वाढवा: ‘गरम पेज’. ‘आधी बोल, मग देईन’ असं कधीही करू नका. ‘हे काय? ते काय?’ अशी परीक्षाही नको. त्यापेक्षा तुम्ही जे करताय ते छोट्या वाक्यांत बोला.

घरात मालवणी बोलत असाल तर मालवणीच बोला. दोन भाषांमुळे बोलणं मागे पडत नाही. ‘माका व्हया’ ही पूर्ण आणि चांगली मागणी आहे. फोटो दाखवून किंवा खुणांनी मागितलं म्हणून मूल बोलायचं थांबत नाही, उलट मदतच होते. शिट्टी आणि फुगे फुंकून मात्र शब्द येत नाहीत. खेळ म्हणून चालेल. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, ते धोक्याचं आहे. जेवताना मोबाइल बंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनेप्रमाणे दोन वर्षांच्या आत तो नकोच.

हातांसाठी आपल्याकडे काय नाही! मे महिन्यात रातांबे (कोकमाची फळं) फोडताना मुलाला शेजारी घ्या, गर पिळू द्या. भाकरीची उकड मळू द्या, वालाच्या शेंगा सोलू द्या, पण दाणे तोंडात जाणार नाहीत इकडे लक्ष ठेवा. कच्ची काजूबी मात्र देऊ नका, तिच्या सालातल्या तेलाने कातडी भाजते. सतत धावणाऱ्या मुलाला बसवण्यापूर्वी खळ्यात सुकी झावळ ओढायला द्या किंवा अर्धी भरलेली छोटी कळशी उचलायला द्या. अशा जोराच्या कामाने बरीच मुलं शांत होतात. एखाद्याला वाळूचा स्पर्शच सहन होत नाही. तो हट्ट नसतो. त्याचा हात धरून वाळूत दाबू नका. आधी कोरडी वाळू आणि पळी, चप्पल पायात, तुम्ही शेजारी. ओली वाळू पुढे कधीतरी, त्याच्या मनाने.

बटण शिकवताना शेवटापासून शिकवा. सगळं तुम्ही करा, फक्त शेवटची ओढ त्याची. ती जमली की एक पायरी मागे या.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळाल्यावर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय या आरोग्यविमा योजनेत नाव घाला. एक लाखापर्यंतच्या त्या विम्यात थेरपीचा खर्चही येतो.

एका वेळी एकच काम घ्या, दोन फार झाली. पेजेच्या वेळचा मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेवा. माझ्या खोलीत गप्प बसणारं मूल घरी काय करतं ते मला त्यातूनच कळतं. आणि निघताना थेरपिस्टला विचारा: पुढच्या फेरीपर्यंत कोणतं एक काम, दिवसाच्या कोणत्या वेळी, आणि घरातल्या कोणी करायचं?