शहाळे: निवड, वापर आणि पथ्य

शहाळे घ्यायला गेले की विक्रेता आधी विचारतो, ‘पाणीवाले देऊ की मलईवाले?’ हा प्रश्न खरे तर फळाच्या वयाचा आहे. नारळ पूर्ण पिकायला सुमारे १२ महिने लागतात. सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुमारास त्यात पाणी भरपूर असते आणि करवंटीला आतून मलईचा पातळ, लिबलिबीत थर नुकताच धरू लागलेला असतो. पुढे खोबरे घट्ट होते, स्निग्धांश वाढतो आणि पाण्याची गोडी उतरते. नुसती तहान भागवायची असेल तर पाणीवाले घ्यावे, थोडा पोटालाही आधार हवा असेल तर मलईवाले.

आकाराला भुलू नये, कारण मोठ्या शहाळ्यात पुष्कळदा सोडणच (करवंटीवरचे काथ्याचे जाड आवरण) जास्त असते. हातात घेऊन वजन पाहावे आणि कानाशी धरून हलवावे. पाण्याने गच्च भरलेले शहाळे सहसा वाजत नाही, खळखळ ऐकू आली तर ते जून झालेले किंवा पाणी आटलेले समजावे. मुंबई-पुण्याकडे येणारी बरीच शहाळी कर्नाटकातील मद्दूरच्या बाजारातून, म्हणजे लांबचा प्रवास करून येतात, त्यामुळे देठाजवळचा भाग अवश्य तपासावा. तो काळपट, ओलसर किंवा चिरलेला असेल तर फळ बाजूला ठेवावे. सालीचा रंग मात्र ताजेपणाची खूण नव्हे, कारण चौघाट ऑरेंज ड्वार्फ ही शहाळ्यासाठीच नावाजलेली जात मुळातच केशरी असते.

पाणी पिऊन झाले की शहाळे तसेच टाकून देऊ नये. विक्रेता कोयत्याच्या एका घावात त्याची दोन शकले करतो आणि सालीचाच एक तुकडा चमच्यासारखा तासून देतो. त्याने मलई अलगद सुटते. कोयता धुतलेला आहे की नाही, हे पाहण्यात संकोच कसला?

पोषणाचे म्हणाल तर १०० मिलिलिटर पाण्यात साधारण २० उष्मांक, काही ग्रॅम साखर आणि सुमारे २०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. शिवाय थोडे मॅग्नेशियम आणि कॅल्शियम मिळते. बाटलीबंद गोड पेयांच्या तुलनेत साखर बरीच कमी आणि पोटॅशियम भरपूर, हाच त्याचा खरा गुण आहे. उन्हातून आल्यावर किंवा घाम गाळल्यावर ते उत्तम. ते सकाळी रिकाम्या पोटीच प्यावे, या आग्रहाला मात्र मला काही आधार दिसत नाही.

रुग्णाला भेटायला जाताना शहाळे नेण्याची आपली रीत चांगली आहे, पण ती डोळे झाकून पाळण्यासारखी नाही. शहाळ्याच्या पाण्यात सोडियम कमी असते आणि जुलाबात शरीरातून मीठही मोठ्या प्रमाणावर जाते. म्हणून अशा वेळी आधी जलसंजीवनी (ओआरएस) द्यावी, शहाळे जोडीला चालेल. डेंग्यूमध्ये ते द्रवपदार्थ म्हणून उपयोगी पडते, परंतु त्याने प्लेटलेट वाढतात असे मानून उपचारांत ढिलाई करू नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या शरीरात पोटॅशियम साचू शकते आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो. अशांनी, तसेच रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांमुळे पोटॅशियम वाढते त्या घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय शहाळे घेऊ नये. मधुमेह्यांनी त्यातली साखर दिवसाच्या आहारात मोजावी आणि मलई बेतानेच खावी.

न फोडलेल्या, निरोगी फळातले पाणी निर्जंतुक असते. फोडल्यावर मात्र ते लवकर बिघडते. शक्यतो लगेच प्यावे. ठेवायचेच झाले तर स्वच्छ, झाकणाच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे आणि त्याच दिवशी संपवावे. वास आंबूस आला, चव बदलली किंवा बुडबुडे दिसले तर ते गाळून अथवा उकळून वापरण्याच्या फंदात न पडता सरळ ओतून द्यावे, कारण काही बुरशींचे विष उकळूनही जात नाही.