एसटीचा पास मुलालाच काढू द्या

सातवी-आठवीतलं मूल एसटीने शाळेत जात असेल, तर यंदा पासचं काम त्याच्यावरच सोपवा. (मुलींना पाचवी ते बारावी अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत, मुलांना सवलतीत.) फॉर्म भरणं, शाळेच्या ऑफिसातून सही-शिक्का आणणं, आगारातल्या खिडकीपुढे रांग लावणं, हे सगळं तेरा वर्षांच्या मुलाला जमतं. पास शाळेतच मिळत असेल, तरी कागदपत्रं त्यालाच देऊ द्या. पहिल्या वेळी सोबत जा, पण बाकावर बसा. खिडकीतल्या माणसाशी मूलच बोलेल.

काहीतरी अडेलच. फोटो राहील, नाहीतर मुख्याध्यापकांची सही, आणि 'उद्या या' ऐकावं लागेल. तेव्हा पुढे सरसावू नका, ओरडूही नका. घरी आल्यावर एवढंच विचारा, "मग आता काय करायचं ठरवलंस?" आणि उत्तर येईपर्यंत खरंच थांबा, आईवडिलांना हे थांबणंच सर्वात जड जातं.

पास संपायची तारीख त्यानेच कॅलेंडरवर लिहावी. मुदत उलटलीच, तर त्या दिवसांच्या तिकिटाचे पैसे त्याच्या खाऊच्या पैशांतून जाऊ द्या.