विधी महाविद्यालयात जनहिताच्या वकिलीवर व्याख्यान कसं ठरवावं

पाहुण्यांना फोन करण्याआधी विद्यार्थ्यांना एक निकाल वाचायला द्या. महाडच्या चवदार तळ्याचा. १९२७च्या सत्याग्रहानंतर सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा दाखल केला, तात्पुरता मनाई हुकूम निघाला आणि मुंबई उच्च न्यायालयात डॉ. आंबेडकरांच्या बाजूने निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही. जनहिताची वकिली पुराव्यावर उभी राहते आणि तिला वर्षानुवर्षं लागतात, हे त्या निकालातून मुलांना आपोआप कळतं. शिवाय हे सगळं आपल्याच कोकणात घडलं.

मग विषय ठरवा. ‘जनहित याचिका : स्वरूप व व्याप्ती’ अशा विषयावर कुणीही बोलेल आणि कुणाच्याही लक्षात राहणार नाही. कोळीवाड्यातल्या घराची दुरुस्ती आणि सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे नियम), सातबाऱ्यावरची कुळाची नोंद, वकील न परवडणारा आरोपी, यांतला एकच प्रश्न घ्या.

वक्ता त्यावरूनच सुचेल. वकील न परवडणाऱ्या आरोपीचा विषय असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक कार्यालयातले, म्हणजे अशा आरोपींचे खटले मोफत लढवणारे, वकील बोलवा. माझ्या मते विद्यार्थ्यांना सर्वांत उपयोगी पडणारा वक्ता हाच. विधी सेवेच्या पॅनेलवर, म्हणजे मोफत खटले दिले जाणाऱ्या वकिलांच्या यादीवर, येण्यासाठी किमान तीन वर्षांची वकिली लागते, पण सहायक लोक अभिरक्षकाचं पद नव्याने सनद घेतलेल्यांनाही खुलं असतं. काम पूर्णवेळ, मानधन ठरलेलं, खासगी केसेस घेता येत नाहीत. ही माहिती व्यासपीठावरून मिळाली की मागच्या बाकावरची मुलंही सरसावून बसतात.

पर्यावरणाचा विषय असेल, तर पुण्याच्या राष्ट्रीय हरित लवादात उभे राहणारे वकील बोलवा. तिथे हरित लवाद कायद्याच्या कलम १४ खालचा अर्ज वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, सबळ कारण दाखवलं तर आणखी साठ दिवस मिळतात. खाडीत भराव पडतोय हे गावाला पहिल्या दिवसापासून दिसतं, पण तारखेसह फोटो आणि ग्रामपंचायतीला दिलेल्या अर्जाची पोचपावती कुणी जपून ठेवत नाही. ती कशी जपायची, हे वक्त्यांना आवर्जून सांगायला लावा.

रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांना आता उच्च न्यायालयातले वकीलही जवळ आले आहेत. ऑगस्ट २०२५ पासून या दोन जिल्ह्यांची प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. रायगडकरांसाठी मात्र मुंबईच.

तारीख दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारची घ्या, त्या दिवशी कोर्टाला सुट्टी असते. गणपती, शिमगा आणि परीक्षा टाळा. भर पावसात घाटातून कुणाला बोलावू नका. पत्रात विषय, वेळ, प्रवासखर्च आणि मुक्काम स्पष्ट लिहा. प्रवासखर्चाबद्दल बोलायला आपण संकोचतो, पण लोकांसाठी फुकट लढणाऱ्या माणसाला पदरमोड करून यायला लावणं बरोबर नाही.

भाषण चाळीस मिनिटांचं पुरे, प्रश्नांना त्याहून जास्त वेळ ठेवा. पहिला प्रश्न आधीच एखाद्या विद्यार्थिनीला देऊन ठेवा : ‘मॅडम, सुरुवातीच्या वर्षांत तुमचं घर कसं चाललं?’ पैशाचं कुणी विचारत नाही. मग घरचे म्हणतात, ‘त्यात काय मिळणार?’ आणि मुलगी गप्प बसते. उत्तर ऐकलेलं असेल, तर ती घरी बोलू शकते.

आता सर्वांत महत्त्वाचं. हॉलच्या दाराशी एक टेबल मांडा. त्यावर विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक होण्यासाठीचे अर्ज ठेवा. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ते काम करता येतं. शेजारी इंटर्नशिपसाठी वही. बार कौन्सिलच्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान बारा आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान वीस आठवड्यांची इंटर्नशिप करावीच लागते, तर त्यातले चार आठवडे या वक्त्यांकडे का नकोत? वक्त्यांना निघण्यापूर्वी विचारा, ‘सर, किती जणांना घ्याल?’ आकडा मिळाला की तिथेच नावं लिहा.

सोमवारी त्यातल्या दोघांना घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे जा. जाताना त्यांना एवढं पाठ करायला सांगा : १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि विधी सेवेच्या हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे. कोर्टाच्या व्हरांड्यात कागद हातात घेऊन ताटकळणारी एखादी मावशी त्यांना बहुधा त्याच दिवशी भेटेल.