द्राक्षबागेच्या शेडमधील डिझेल, पेट्रोल आणि औषधे कशी सांभाळावीत

नाशिक जिल्ह्यात ‘सेंद्रिय’ म्हटले की शेणखत, जीवामृत आणि विषमुक्त भाजी डोळ्यांसमोर येते. रसायनशास्त्रात मात्र कार्बनच्या संयुगांना सेंद्रिय म्हणतात, आणि त्या अर्थाने पेट्रोल, डिझेल, थिनर व फवारणीची बरीचशी औषधे सेंद्रियच ठरतात. निफाड-दिंडोरीकडच्या बागांमध्ये ही सगळी द्रव्ये बहुधा एकाच पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली असतात, म्हणून पुढील सूचना त्या शेडसमोर उभे राहून वाचाव्यात.

सर्वांत आधी हे लक्षात घ्यावे की पेट घेते ती द्रवाची वाफ. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही ठिणगीने पेटू शकते. शिवाय ती हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने जमिनीलगत सरकत जाते आणि दूरच्या चुलीपर्यंत किंवा मोटारीच्या स्टार्टरपर्यंत पोहोचते. डिझेल त्या मानाने सुरक्षित समजले जाते, परंतु त्याची वाफ पेटण्याचे किमान तापमान भारतीय मानकात ३५ अंश एवढेच आहे. खरड छाटणीच्या दिवसांत, एप्रिलच्या दुपारी, तापलेल्या पत्र्याखाली हा आकडा सहज ओलांडला जातो, त्यामुळे डिझेलच्या टाकीशेजारी विडी ओढणाऱ्याला हटकायलाच हवे.

इंधनाची जागा घरापासून, चुलीपासून आणि विहिरीपासून दूर, सावलीत असावी. तिच्या भिंतींना जमिनीलगत झरोके असावेत, कारण जड वाफ खालूनच बाहेर पडते. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येते, पण ते घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात (एक डबा २५ लिटरपेक्षा मोठा नको) किंवा एक लिटरपर्यंतच्या काचेच्या वा चिनी मातीच्या भांड्यात. साध्या प्लॅस्टिकच्या कॅनचा या यादीत उल्लेख नाही. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत इंधन अथवा औषध कधीही भरू नये. घरातले लहान मूल बाटली ओळखते, आतला द्रव नाही.

पाठीवरच्या पंपात पेट्रोल भरताना इंजिन थंड होऊ द्यावे, डबा जमिनीवर ठेवावा आणि नरसाळे वापरावे. ट्रॅक्टरच्या टाकीतून डिझेल काढण्यासाठी नळी तोंडाने ओढण्याची सवय ताबडतोब सोडावी. हातपंप स्वस्त मिळतो. घोटभर डिझेल किंवा रॉकेल पोटापेक्षा फुप्फुसात गेल्यास अधिक घातक ठरते, कारण तेथे ते तीव्र दाह निर्माण करते. म्हणूनच कोणी इंधन गिळले तर त्याला उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर तेच इंधन श्वासनलिकेत उतरते. रुग्णाला लगेच दवाखान्यात न्यावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रिकाम्या ड्रमविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तेव्हाच ती पेटते. भरलेल्या डब्यात हे प्रमाण बहुधा त्यापेक्षा जास्त असते, तर रिकाम्या ड्रममध्ये तळाशी उरलेल्या ओलाव्यामुळे ते नेमके या टप्प्यात येते. पाण्याची टाकी करण्यासाठी असा ड्रम गॅस कटरने कापणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण आहे. इंधनाचा ड्रम वेल्डिंगवाल्याकडे नेऊच नये.

आग लागलीच तर पाणी मारू नये, कारण जळते तेल पाण्यावर तरंगत पसरते. कोरडी पावडर किंवा फेसाचे अग्निशामक यंत्र वापरावे, छोट्या आगीवर कोरडी वाळू टाकावी, आणि ज्वाला वाढताच बाहेर पडून १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे.

औषधांपैकी ज्यांच्या नावापुढे ‘ई.सी.’ लिहिलेले असते ती तेलकट विद्रावकात विरघळवलेली असतात, त्यामुळे ती पेट घेतात आणि कातडीतूनही शिरतात. सुती हातमोजे ते शोषून कातडीशी धरून ठेवतात, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घ्यावेत. गोडी छाटणीनंतर (फळे धरण्यासाठीच्या छाटणीनंतर) हायड्रोजन सायनामाइडचे, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून काडीला लावायच्या रसायनाचे, पेस्टिंग करणाऱ्या मजुरांना बागमालकाने स्वतः सांगावे की त्याआधी आणि नंतरचे काही दिवस मद्य पूर्ण वर्ज्य आहे; हे रसायन शरीरात मद्याचे विघटन अडवते आणि चेहरा लालबुंद होणे, धडधड, रक्तदाब उतरणे असे गंभीर परिणाम घडवते.

सांडलेले डिझेल पाण्याने धुऊन काढू नये. माती, वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून ते शोषून घ्यावे आणि तो भुसा झाकणाच्या डब्यात वेगळा ठेवावा. आपल्याकडचा खडक बेसाल्टचा, भेगाळलेला आहे. त्या भेगांतून तेल झपाट्याने विहिरीपर्यंत जाऊ शकते आणि एकदा गेलेले तेल काढणे अत्यंत अवघड असते. पेट्रोलमधील बेंझिन पाण्यात काही प्रमाणात विरघळते आणि ते माणसात कर्करोग निर्माण करते, हे सिद्ध झालेले आहे. इंजिनचे जळके ऑइल ओढ्यात ओतल्यास ते पुढे कादवा-गोदावरीत उतरते, आणि त्या संगमावरच नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. असे ऑइल साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे.

उघड्या डब्यातून उडालेली वाफही नाहीशी होत नाही. धुरातील नायट्रोजन ऑक्साइडांबरोबर उन्हात तिची अभिक्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि द्राक्षवेल या वायूला फार संवेदनशील आहे: १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील द्राक्षांच्या पानांवर त्याचे बारीक गडद ठिपके ओळखले गेले. त्यामुळे डबे भरण्याचे काम संध्याकाळी, ऊन उतरल्यावर उरकावे, आणि प्रत्येक वेळी झाकण घट्ट बसले आहे का ते हाताने फिरवून पाहावे.