'ट्रॅफिक' बघताना धागे सुटू नयेत म्हणून

लालबागच्या आमच्या चाळीत महिन्यातून एकदा मी कॉलेजच्या पोरांना सिनेमा दाखवते. अमली पदार्थांच्या धंद्याच्या, वेगवेगळ्या ठिकाणी घडणाऱ्या गोष्टी एकत्र गुंफणारा दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्गचा 'ट्रॅफिक' (2000) पहिल्यांदा लावला तेव्हा अर्ध्या तासातच प्रश्न सुरू झाले, "ताई, हा कुठल्या देशातला?" दुसऱ्या खेपेला पद्धत बदलली.

आधी खोलीत अंधार करा. खिडकीला जाड चादर लावा, कारण इथे रंगच पत्ता सांगतो. पिवळसर, तापलेलं चित्र म्हणजे मेक्सिको. थंड निळं म्हणजे ओहायो आणि वॉशिंग्टन: अमली पदार्थविरोधी मोहिमेचा प्रमुख होणारा न्यायाधीश आणि व्यसनात बुडालेली त्याचीच मुलगी. सॅन दिएगोचा भाग मात्र साध्या उजळ उन्हातला. टीव्हीवरचं 'व्हिविड' सेटिंग बंद करा, त्याने सगळे रंग भडक होतात आणि हा फरकच पुसला जातो. कॅमेरा सोडरबर्गने स्वतः चालवलाय, बराचसा हातात धरून. चित्र हललं तर बिघाड समजू नका.

सबटायटल हवेतच. मेक्सिकोतली माणसं आपसात स्पॅनिश बोलतात. पोलीस हावियेरच्या भूमिकेसाठी बेनिसिओ देल तोरोला ऑस्कर मिळालं. तो गप्प असतो तेव्हा त्याचा चेहरा नीट बघा. मला तरी सगळा सिनेमा तिथेच सापडतो.

लांबी जवळपास अडीच तास, म्हणून चहा आधीच उरकून घ्या. आणि शेवटी बेसबॉलचं मैदान दिसलं की लगेच दिवे लावू नका.