हवेतून घर गरम करताना या चुका टाळा

ताजी हवा आणि ऊब एकाच यंत्रातून, एकाच डक्टमधून (हवा नेणाऱ्या नळीतून) मिळते, अशा घरांबद्दल हे लिहितोय. भिंतीला रेडिएटर नाहीत, जमिनीखाली पाइप नाहीत. छताजवळच्या ग्रिलमधून येणारी हवाच घर उबदार ठेवते. बंदिस्ती चांगली असलेल्या घरात ही पद्धत उत्तम चालते. तरीही "घर गार आहे, हवा अंगावर येते, घसा कोरडा पडतो" या तक्रारी थांबत नाहीत, आणि बघायला गेलं की त्याच त्या चुका समोर येतात. यंत्र बिघडलेलं क्वचितच असतं.

गार वाटलं की पंखा वाढवणं

ही चूक मला सर्वांत जास्त छळते, कारण ती करणाऱ्याला आपण उपाय करतोय असंच वाटत असतं. हिवाळ्यात घर नीट तापत नाही, मग यंत्राचा वेग २ वरून ३ वर. तरी तापत नाही, मग ४ वर. आणि घर आणखी गार.

असं का होतं ते आकड्यांत पाहा. हवा उष्णता फार थोडी वाहून नेते: १ घनमीटर हवा १ अंशाने तापवायला सुमारे ०.३४ वॉट-तास लागतात. समजा बाहेर ० अंश आहे, घरात २० अंश, आणि बाहेर जाणाऱ्या हवेतली ८० टक्के उष्णता यंत्र आत येणाऱ्या हवेला परत देतं. म्हणजे यंत्रातल्या हीटरपाशी हवा १६ अंशांची होऊन पोचते. हीटर साधारण १ किलोवॉटचा आणि प्रवाह तासाला १०० घनमीटर असेल, तर हवा ३० अंशांनी तापून ४६ अंशांची होते. आता प्रवाह दुप्पट करा. हीटर तोच, त्यामुळे हवा १५ अंशांनीच तापते आणि ग्रिलमधून ३१ अंशांची बाहेर पडते. खोलीच्या पदरात पडणारी निव्वळ उष्णता सुमारे ८८५ वॉटवरून ७५० वॉटच्या आसपास घसरते, कारण वाढीव हवेबरोबर वाढीव गारवाही आत आलेला असतो. शिवाय आपली त्वचा असते साधारण ३३-३४ अंशांची. त्याहून कमी तापमानाची हवा वेगाने अंगावर आली की थर्मोमीटर काहीही सांगो, गारच वाटणार.

वर हवा कोरडी पडते ती वेगळीच. ० अंशाची, ८० टक्के आर्द्रतेची बाहेरची हवा २० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता साधारण २१ टक्के उरते. अशी हवा गरजेपेक्षा दुप्पट ओतली तर घसा कोरडा पडणारच. मग लोक ह्युमिडिफायर आणतात. एका चुकीवर दुसरं यंत्र!

माझा शिरस्ता असा: हवेचा प्रवाह घरातल्या माणसांवरून ठरवायचा, माणशी तासाला साधारण ३० घनमीटर, आणि तिथे हात लावायचा नाही. ऊब कमी पडली तर हवेचं तापमान वाढवायचं. त्यालाही मर्यादा आहे. ५० अंशांच्या थोडं पुढे गेलं की हीटरवरची धूळ करपून वास येऊ लागतो. पॅसिव्ह हाउसच्या, म्हणजे अगदी कमी उष्णतेत उबदार राहणाऱ्या घरांच्या, हिशोबातला दर चौरस मीटरला १० वॉटचा आकडा याच मर्यादेतून आलाय. घराची गरज त्याहून जास्त असेल तर नुसत्या हवेवर ते तापणार नाही, तिथे वेगळी उष्णता द्यावीच लागेल. न्हाणीघरात एक छोटा रेडिएटर लावायला नाही म्हणणारे लोक पुढे वर्षानुवर्षं पंख्याच्या बटणाशी झगडत बसतात.

दाराखालची फट बुजवणं

एका घरी यंत्र बदलायची तयारी सुरू होती. तक्रार टोकाच्या खोलीची, म्हणजे मुलीच्या झोपायच्या खोलीची. दिवसा खोली छान उबदार, रात्री गार आणि सकाळी कोंदट. ज्याने यंत्र बसवलं त्याने येऊन तापमान वाढवून दिलं, मग वेग वाढवला, मग त्या खोलीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. आता रात्री आवाजही यायला लागला. घरातले वैतागलेले, आणि ते रास्तच होतं.

मला त्यांच्या बोलण्यातला "दिवसा ठीक, रात्री नाही" हा भाग महत्त्वाचा वाटला. यंत्र दिवसरात्र तसंच चालत होतं. मग रात्री बदलत काय होतं? तर दार. रात्री दार लावलं जायचं. मी टिश्यू पेपरची पातळ पट्टी फाडून आधी उघड्या दाराने ग्रिलपाशी धरली. पट्टी खोलीच्या बाजूला सरळ उडत होती. दार लावलं आणि पट्टी हळूहळू खाली आली, नुसती टोकाशी थरथरत राहिली. खाली वाकून पाहिलं तर दाराच्या बुडाला रबरी पट्टी चिकटवलेली, आणि तिच्याखाली जाड नवा गालिचा. गार वारा येऊ नये म्हणून कोणीतरी काळजीपोटी केलेलं काम.

हवा खोलीत जायची तर खोलीतली हवा बाहेर पडायला वाट हवी. झोपायच्या खोल्यांत हवा येते, दाराखालून पॅसेजमध्ये जाते आणि स्वयंपाकघर-न्हाणीघरातून यंत्राकडे परतते. मधली वाट बंद केली की येणारी हवा अडते, आणि या घरांत हवा अडली म्हणजे ऊबही अडली. ८० सेंटिमीटर रुंद दाराखाली १ सेंटिमीटरची फट म्हणजे ८० चौरस सेंटिमीटर वाट. तासाला ३० घनमीटर हवा तिच्यातून सेकंदाला साधारण १ मीटर वेगाने निघून जाते. तेवढं पुरतं. रबरी पट्टी काढली, गालिचा दारापासून मागे सरकवला, व्हॉल्व्ह पुन्हा मूळ जागी आणला. खोली रात्रीही उबदार राहू लागली आणि आवाज गेला. यंत्र आहे तेच अजून चालू आहे.

तेव्हा यंत्राचं झाकण उघडण्याआधी घरातली सगळी दारं लावा आणि प्रत्येक दाराखाली हात धरून पाहा. हे पाच मिनिटांचं काम सोडून थेट सेटिंगमध्ये शिरणारे नवखे पाहिले की वाईट वाटतं. चुका शोधायचा धीर नसेल तर मोजमापाची महागडी उपकरणं घेऊन उपयोग नाही.

आणखी काही

ग्रिल बंद करू नका. एका खोलीचं ग्रिल बंद केलं की तिची हवा बाकीच्या खोल्यांत घुसते, तिथे आवाज आणि झोत वाढतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या हवेचा तोल बिघडू शकतो. आत येणारी हवा कमी पडली तर घर फटीफटीतून बाहेरची गार हवा ओढतं. घरात लाकडाची शेगडी किंवा धुराड्याला जोडलेलं जळणाचं उपकरण असेल तर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड उलटे घरात येण्याचा धोका असतो. इथे हयगय नको. अशा घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

झोत अंगावर येत असेल तर ग्रिलचं तोंड वळवा. छतालगत सोडलेली हवा छताला धरून पुढे सरकते आणि खाली येईपर्यंत मंदावते. बसायच्या-झोपायच्या जागी हिवाळ्यात हवेचा वेग सेकंदाला ०.१५ मीटरच्या आसपास राहिला तर सहसा कोणी तक्रार करत नाही. ग्रिलच्या तोंडाशी उंच कपाट ठेवलं की हे सगळं गणित कोसळतं.

फिल्टर दर तीन महिन्यांनी काढून बघा, बदलायची वेळ आली नसली तरी. मळलेला फिल्टर धुऊन परत घालायचा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही.

लवचीक डक्ट ओढून ताणून बसवा. सैल सोडलेला, वळणावर चिमटलेला डक्ट टोकाच्या खोलीची हवा खातो. गार माळ्यावरून जाणाऱ्या डक्टवर जाड आवरण नसेल तर तापवलेली हवा वाटेतच निवते.

स्वयंपाकघरातली चिमणी या यंत्रणेला जोडू नका. तेलकट वाफ डक्टमध्ये गेली की परत निघत नाही.

थर्मोस्टॅट ग्रिलखाली किंवा उन्हाच्या भिंतीवर लावू नका.

आणि हवेचं तापमान म्हणजे आराम नव्हे. आजूबाजूच्या पृष्ठभागांचं तापमान, हवेचा वेग, आर्द्रता, कपडे आणि हालचाल हे सगळं त्यात येतं. आयएसओ ७७३० हे मानक याच गोष्टी धरून चालतं. त्याच्या हिशोबात घोट्यापाशी आणि डोक्यापाशी असलेल्या हवेत ३ अंशांपेक्षा कमी फरक असला तर ते चांगलं मानतात. मी एक थर्मोमीटर जमिनीपासून १० सेंटिमीटरवर आणि दुसरा बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, १.१ मीटरवर ठेवून अर्धा तास थांबतो. वर २३ आणि खाली १८ दिसलं तर गरम हवा छताशीच साचतेय. अशा वेळी तापमान आणखी वाढवलं तर छतच तापतं. हवा दोन-तीन अंश कमी गरम सोडा, हीटिंग रात्री बंद न करता सलग चालू ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. तरीही पाय गार राहिले तर खिडकीची काच हाताने चाचपा. तिथे गार झालेली हवा खाली उतरून जमिनीवरून पसरत असेल, तर दुरुस्ती खिडकीची करायची आहे.