विद्यार्थी विकास अधिकारी झालात? मग या चुका टाळा

जूनमध्ये कधीतरी प्राचार्यांच्या केबिनमधून बोलावणं येतं. “मॅडम, यंदा विद्यार्थी विकास तुमच्याकडे.” ऑर्डरसोबत एक जुनी फाइल आणि कपाटाची किल्ली हातात पडते, बस्स. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मी हे काम सहा वर्षं केलं. पहिली दोन वर्षं चुका करण्यातच गेली. युवक महोत्सवाचं काय करायचं ते तुम्हाला कुणीही सांगेल. मी बोलतेय ते मुलांचं जेवण, खोली, एसटीचा पास आणि फी याबद्दल.

“नोटीस लावली, कुणी आलंच नाही”

माझी पहिली चूक हीच. “गरजू विद्यार्थ्यांनी नावे द्यावीत” अशी नोटीस लावली, वर्गात जाऊन हात वर करायला सांगितलं. अकरा नावं आली. दीड हजार मुलांच्या कॉलेजात अकरा! मी ती यादी फाइलला लावून मोकळी झाले.

ऑगस्टमध्ये केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला एक मुलगी चक्कर येऊन पडली. “उपवास असेल,” असं म्हणून कुणीतरी लिंबूपाणी दिलं. खरं काय ते तिच्या मैत्रिणीकडून कळलं. चौघी मिळून खोली घेऊन राहायच्या, मेस परवडायची नाही, म्हणून घरचा डबा सकाळच्या एसटीत कंडक्टरकडे दिला जायचा. ओढ्याला पाणी आल्याने तीन दिवस ती गाडीच आली नव्हती. पहिल्या दिवशी चौघींनी बिस्किटांवर भागवलं. त्या अकरा नावांत चौघींपैकी एकीचंही नाव नव्हतं.

त्यानंतर मी हात वर करायला सांगणं सोडलं आणि हजेरीपट बघायला लागले. एखादी मुलगी दर महिन्याला ठरावीक तीन-चार दिवस गायब असेल, तर आधी पासाची तारीख विचारा. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत असतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला आली की सवलत ६६.६७ टक्क्यांवर येते आणि उरलेला एक तृतीयांश खिशातून भरावा लागतो. घरात मागे भाऊ शिकत असेल तर पास कुणाचा आधी निघतो, हे वेगळं सांगायला नको. स्टाफरूममध्ये मात्र “मुली लग्न ठरलं की येत नाहीत” एवढंच ऐकू येतं.

मेसवाल्या काकू, झेरॉक्सवाला, पास काढून देणारा क्लार्क, ग्रंथालयातला शिपाई. यांच्याशी आठवड्यातून एकदा चहा प्या. कुणाची उधारी तुंबली आणि कोण रात्री रीडिंग रूममध्येच झोपतो, हे यांना आपल्या कितीतरी आधी माहीत असतं.

फोटो

एका ट्रस्टने वह्या आणि कोरड्या शिध्याची पाकिटं दिली. आम्ही कार्यक्रम केला, हार, शाल, माइक सगळं झालं. रांगेतल्या प्रत्येक मुलाचा पाहुण्यांसोबत फोटो काढून तो कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. पुढच्या वर्षी पाकिटं जास्त आली आणि मुलं निम्मी.

आपण सगळे २२ सप्टेंबरला, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जयंतीला, भाषणात सांगतो की अण्णांच्या वसतिगृहातल्या मुलांना जेवायला मिळावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आणि दुसऱ्या दिवशी दोन किलो तांदळासाठी मुलाला कॅमेऱ्यासमोर उभं करतो!

उपाय अगदी साधे निघाले. मेसचं मोफत कूपन आणि पैसे देऊन घेतलेलं कूपन एकाच रंगाचं, एकाच पुस्तकातलं ठेवलं. सॅनिटरी पॅड, साबण, पेनं गर्ल्स रूममधल्या बिनकुलपाच्या कपाटात ठेवली, नोंदवही नाही. “चोरी होईल” म्हणणारे खूप होते. सुरुवातीला दोन आठवडे कपाट भराभर रिकामं झालं, मग आपोआप स्थिरावलं. दात्यांना फोटो हवाच असेल तर कपाटाचा द्या.

“महाडीबीटीचा अर्ज भरला ना? मग झालं!”

नाही झालं. सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. तिथला अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला येतो, मग प्राचार्यांच्या, मग विभागाकडे जातो. कित्येक अर्ज आपल्याच इमारतीत पडून असतात आणि मुलगा सरकारला शिव्या देत बसतो. दर सोमवारी दोन्ही लॉगिनची पेंडिंग संख्या कागदावर लिहून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवायला लागले. दुसरं काही न करता निम्मी गाडी हलली.

अर्ज त्रुटीसाठी परत आला तर त्याचा मेसेज नोंदवलेल्या मोबाइलवर जातो, आणि मुलाने तोवर सिम बदललेलं असतं. त्यामुळे परत आलेल्या अर्जांची यादी वर्गशिक्षकांकडे द्या, बोर्डावर लावू नका. नूतनीकरण आपोआप होईल असं धरून बसू नका, पोर्टलवर तपासा, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

मंजुरी दिसते पण पैसे नाहीत, तेव्हा आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते बघा. आधारच्या संकेतस्थळावर “बँक सीडिंग स्टेटस” दोन मिनिटांत कळतं. पैसे जातात ते शेवटी जोडलेल्या खात्यात, अर्जात पासबुक कुठलंही लावा. आमच्या एका मुलाचे पैसे दीड वर्ष सापडेनात. बाजारात नवं सिम घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन त्याच्या नावाने खातं उघडलं होतं, सगळे हप्ते तिथे सुखरूप होते.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि फीचा भाग त्याने सात दिवसांत कॉलेजात भरायचा असतो. घरी आजारपण निघालं तर ते पैसे कुठे जाणार? मग ऑफिस गुणपत्रिका अडवतं, गुणपत्रिकेविना पुढचा अर्ज अडकतो. असं दिसलं की हप्ते बांधून द्या. गुणपत्रिका अडवून आमच्याकडे तरी कधी वसुली झाली नाही, मुलं तेवढी गेली.

वसतिगृहात नंबर न लागलेल्या मुलांना राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी पैसे देणारी समाजकल्याणची स्वाधार योजना सांगा, आदिवासी विभागाची स्वयं योजनाही. पण “पैसे येतील, खोली घे” असं सांगू नका. पैसे उशिरा येतात, घरमालक थांबत नाही.

तीन सह्या

आमच्या मदतनिधीत पैसे होते, पण काढायला समितीची बैठक आणि तीन सह्या लागायच्या. परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख उद्या आणि बैठक पुढच्या गुरुवारी. आता दोन हजारांपर्यंतची रक्कम अधिकाऱ्याने त्याच दिवशी द्यायची, बैठकीत नंतर मंजुरी घ्यायची. व्हाउचरवर नावाऐवजी क्रमांक, नावांची यादी बंद पाकिटात प्राचार्यांकडे. ऑडिटरला आधीच विचारून घेतलं होतं, त्यांनी हरकत घेतली नाही.

समुपदेशन म्हणजे मानसशास्त्राच्या सरांकडे पाठवणं

२०२५च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. बऱ्याच ठिकाणी हे काम कागदावर कुठल्यातरी प्राध्यापकाच्या गळ्यात पडतं. ज्याच्या हातात इंटर्नलचे गुण, त्याच्यापुढे मूल मन उघडं करणार नाही. निदान बाहेरची व्यक्ती आठवड्यातून एकदा बोलवा, आणि खोली ऑफिससमोर नको. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ओळखपत्राच्या मागे छापा. आणि “ताण आहे” म्हणणाऱ्याला आधी जेवलास का, भाडं थकलंय का, हेही विचारा.

वही

चार्ज तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला देऊ नका, मार्चनंतर तो कुठे असेल त्यालाच माहीत नसतं. आणि सगळं डोक्यात ठेवू नका. कुठल्या टेबलावर कोण ऐकतं, कुठली एसटी पावसात बंद पडते, सगळं वहीत लिहा. माझी वही आता एका तरुण सरांकडे आहे. परवा त्यांचा फोन आला, “मॅडम, मेसवाल्या काकूंचे दोन नंबर आहेत, कुठला लावू?” म्हटलं, दुसरा लावा, पण दुपारी तीननंतर. आधी त्या भाकऱ्या करत असतात.